खंडूनानांचा खड्डा

खंडूनानांच्या घरी गेलं की पाण्याच्या तांब्याआधी हातात कडब्याचं कांडं यायचं. बोटभर लांब, ओलं, नुकतंच पाण्यातून काढलेलं. "चावून बगा," नाना म्हणायचे.

पाहुणा नवखा असला की तो आधी कांड्याकडे, मग नानांकडे आणि शेवटी दाराकडे बघायचा. पण नानांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसायचा. पाहुणा चावायला लागला की ते त्याच्या जबड्याकडे टक लावून उभे राहायचे. मग प्रश्न यायचा, "मऊ लागतंय का चिवट?" मऊ म्हटलं तर नाना खूष होऊन आत चहा सांगायचे. चिवट म्हटलं तर तोंड पाडून परसात निघून जायचे आणि पाहुण्याचा चहा बुडायचा. गावातली माणसं शहाणी होती. कडबा कसाही लागो, ती 'लोण्यासारखा' म्हणायची. मी पडलो शेजारी, त्यात खरं बोलायची खोड. त्यामुळे त्या काळात मी निदान एक पेंढी कडबा खाल्ला असेन आणि चहा फार थोडा प्यालो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मोशीच्या पुढे, नाशिक रस्त्यापासून जरा आत, इंद्रायणीच्या अंगाला. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना नवा निघाला होता आणि मला तिथे स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली होती. रोज सायकल मारत जायचं आणि शिफ्ट संपली की सायकल मारत यायचं, एवढाच माझा आणि उद्योगधंद्यांचा संबंध. तरी नाना मला 'कारखानदार' म्हणायचे. त्यांचा स्वतःचा मुलगा दत्तूही एका कारखान्यात हेल्पर होता, पण तो बायकोला घेऊन पिंपरीत खोली करून राहिला होता आणि रविवारी उगवायचा. घरात उरले नाना, हौसाकाकी आणि गोठ्यात हरण्या नावाचा बैल.

नानांचा स्वतःबद्दल एक पक्का समज होता. आपण अत्यंत व्यवहारी मनुष्य आहोत, असा. "आपन माया-बिया काय जानत न्हाई, आपन व्यवहार बगतो," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. पिंपरी कॅम्पातला एक सिंधी म्हातारा डोक्यावर पापडाची पाटी घेऊन पायी आमच्या गावापर्यंत यायचा. गावात पापड फारसं कुणी घेत नसे. नाना दर खेपेला घ्यायचे. नानांच्या तोंडात पुढचे दोन-तीन सोडले तर दात राहिले नव्हते, दाढा तर केव्हाच गेल्या होत्या. पापड कशाला घेता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "हवेवर ठिवला की मऊ पडतो. मऊ पडला की खाता येतो. व्यवहार हाय." पापडवाला मात्र गेल्या खेपेचे मऊ पडलेले पापड आमच्या दारातल्या कोंबड्या खाताना बघत असे आणि काही बोलत नसे.

हरण्याची जोडी होती बाजीबरोबर. दोघांनी मिळून नानांचं सगळं शेत आयुष्यभर नांगरलं. बाजी गेला आणि हरण्या एकटा राहिला. एका बैलाचा नांगर होत नाही. त्यात हरण्या म्हातारा. त्याचेही दात झिजून हिरड्यांना टेकले होते, अख्खा कडबा टाकला की तो तोंडात घोळवायचा आणि तसाच खाली सोडायचा. दत्तूनं एका रविवारी सरळ सांगितलं की याला चाकणच्या शनिवारच्या बाजारात घालवा. दात गेलेला बैल बाजारातून पुढे कुठे जातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी उच्चारत नसे, इतकंच.

"घालवायचा की," नाना लगेच म्हणाले. "आपल्याला काय त्याचं? आयतं बसून खातंय बेनं." नाना हरण्याबद्दल नेहमी असंच बोलत. पण पहिल्या शनिवारी हरण्याचा पाय लचकला. पुढच्या शनिवारी अमावास्या निघाली. त्यापुढच्या शनिवारी खुद्द नानांच्याच पोटात दुखायला लागलं, आणि ते बाजार उठायच्या वेळेपर्यंत दुखत राहिलं. शेवटी हौसाकाकींनी पदर खोचला. काकी उंच, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं, या घरात मीही काम करून खाते, तुम्हीही काम करून खाता, मग खाणाऱ्या हरण्यानंही काहीतरी करून खावं.

"शेन देतो न्हवं?" नाना म्हणाले.

शेण सगळेच बैल देतात, असं काकी म्हणाल्या. त्यावर नाना गप्प बसले. पण गप्प बसलेले नाना फार धोक्याचे. त्याच आठवड्यात ते पुण्याला शेतकी प्रदर्शन बघून आले आणि डोक्यात खड्डा घेऊन आले. खड्ड्यात शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, ओतायचा, वर लोखंडी पिंप पालथं घालायचं, आतल्या आत शेण कुजून गॅस धरतो, पिंप आपोआप वर उचललं जातं आणि नळी जोडली की शेगडी पेटते. हरण्याच्या शेणावर चूल चालणार, म्हणजे हरण्या कमावता झाला.

काकींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पैज लावली. भाद्रपदातल्या पोळ्याचं पुरण त्या गॅसवर शिजवून दाखवायचं. शिजलं तर हरण्या या दावणीवरून हलणार नाही. नाही शिजलं तर पोळ्यानंतरच्या शनिवारी नानांनी स्वतः त्याला चाकणला न्यायचं, आणि त्या दिवशी कुणाच्याही पोटात दुखायचं नाही. नानांनी हरण्याकडे बघितलंसुद्धा नाही. "व्यवहार म्हंजे व्यवहार," म्हणाले आणि कुदळ घेऊन परसात गेले.

खड्डा झाला. रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं फोडून, पिंपरीच्या वेल्डरकडून त्यांचे पत्रे जोडून एक गाडीच्या चाकाएवढं रुंद पिंप झालं. शेणकाला ओतला. आणि पिंप जागचं हलेना. प्रदर्शनातल्या माणसानं चार-पाच जनावरं तरी लागतील म्हणून बजावलं होतं. ते नानांनी ऐकलं होतं, पण ते इतर लोकांसाठी असावं असं धरून सोडून दिलं होतं. एका म्हाताऱ्या बैलाच्या शेणावर पिंप चार बोटं उठे, आणि शेगडी पेटवेपर्यंत बसे.

नानांनी विचार केला. शेण होतं कशाचं? कडब्याचं. मग मधे बैल कशाला? थेट खड्ड्यालाच कडबा चारला तर? त्यांनी दोन पेंढ्या तशाच आत सारल्या. कडबा तरंगून वर आला, त्याची जाडजूड चटई झाली, तीत पिंप तिरकं होऊन अडकलं. ते सोडवायला मी, नाना आणि अर्धी आळी दाताळी घेऊन उभे राहिलो. उरलेली अर्धी आळी नाकाला पदर आणि उपरणी लावून बघत होती. नाना चिखलात कोपरापर्यंत हात घालून एक कांडं बाहेर काढून निरखत होते. महिनाभर आत राहून कांड्याला काही झालं नव्हतं. जसं गेलं होतं तसं आलं होतं.

"गिळलं, पन चावलं न्हाई," नाना म्हणाले. तिथून त्यांना चावण्याचं वेड लागलं.

आता खड्ड्याला दात नाहीत, तेव्हा त्याचा घास आपणच चावून दिला पाहिजे. पहिला उपाय म्हणून नानांनी गुऱ्हाळवाल्याची गुळाची काहील मागून आणली आणि कडबा शिजवायला घेतला. दिवसभर जाळ घातला. कडबा मऊ झाला यात शंका नाही, पण त्यापायी परसातला सरपणाचा अर्धा ढीग गेला. काकी दारातून म्हणाल्या, की एवढ्या लाकडांवर मी तुम्हाला दिवाळीपर्यंत चहा करून घातला असता. नानांनी काहील परत केली.

दुसरा उपाय चुन्याचा. भिंतीला द्यायच्या चुन्यात कडबा घातला की तो सैल पडतो, हे नानांना कुणी सांगितलं देव जाणे, पण ते खरं निघालं. फक्त चुना किती घालावा याचा अंदाज नव्हता. त्याच सुमारास विकास योजनेचे नवे ग्रामसेवक गाव बघायला आले. नाना त्यांना मोठ्या आदरानं घरी घेऊन गेले आणि रीतीप्रमाणे कांडं हातात दिलं. ग्रामसेवक सभ्य गृहस्थ. शेतकऱ्याचं मन मोडू नये म्हणून त्यांनी ते मनापासून चावलं. पुढे आठवडाभर ते गावात जीभ बाहेर काढून हिंडत होते, आणि नाना सगळ्यांना सांगत होते की साहेबांनी मऊ असल्याचं कबूल केलं.

खरी वाट सापडली ती हरण्याच्या गोठ्यात. नानांना हरण्याला चारायचं असेच, कारण पोळ्यापर्यंत जगवणं हा व्यवहाराचाच भाग होता. म्हणून ते कडबा बारीक तोडून रात्रभर पाण्यात भिजत घालत आणि सकाळी चोथा करून त्याच्यापुढे ठेवत. त्यातलं एक कांडं ते आधी स्वतःच्या तोंडात टाकून हिरड्यांनी चावून बघत. हिरड्यांना जमलं तर हरण्याला जमेल. मग हरण्या खाई, निवांत बसे आणि तेच परत तोंडात आणून रवंथ करत राही. नाना समोर उकिडवे बसून तासन्‌तास बघत. मी एकदा कामावरून येताना डोकावलो तर दोघंही रवंथ करत असल्यासारखे दिसले.

"कारखानदार, हे बगा," नाना म्हणाले. "ह्यो एकदा खातो आन् दोनदा चावतो. आत भिजत ठिवतो, ऊब देतो, मग परत काडतो. खड्ड्याला बी तेच पायजे."

मग पद्धत बसली. कडबा बारीक तोडायचा. चुन्याच्या पातळ निवळीत रात्रभर भिजवायचा. निथळून त्याचा ढीग घालायचा, त्यावर हरण्याचं मूत आणि खड्ड्यातला जुना काला शिंपडायचा, गोणपाटानं झाकायचं. दोन-चार दिवसांत ढीग आतून गरम होई, त्याला आंबूस वास सुटे आणि कांडं बोटानं दाबलं की फुटे. तेव्हाच तो शेणात कालवून खड्ड्यात जाई. ढिगाची परीक्षा दात असलेल्या माणसांनी करायची आणि हरण्याच्या चाऱ्याची नानांनी, अशी वाटणी होती. "हरन्याचं मी बगतो, खड्ड्याचं तुमी बगा," ते म्हणायचे.

आणि पिंप उठायला लागलं. आधी वीतभर, मग हातभर. सकाळी सायकल काढताना नाना कुंपणावरून 'जेवलात का' विचारावं तसं ओरडून सांगायचे, "उटलंय." मला खरोखर बरं वाटायचं. दिवसभर कारखान्यात खोकी लावताना मधेच आठवण व्हायची की आपल्या शेजारी पिंप उठलंय. गावातली माणसंही आता वाकडी वाट करून बघायला येत आणि चावण्याची तयारी ठेवूनच येत. नानांची भाषाच बदलली. कुणी बातमी आणली की विचारायचे, "चावून आनलीया का तशीच गिळून?" दत्तूच्या मेव्हण्याला स्थळ आलं तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं, की दोनचार दिवस भिजत घाला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण श्रावणात पाऊस लागून राहिला. गारव्यानं पिंप जरा मंद उठायला लागलं. पोळा जवळ येत होता. नाना अस्वस्थ झाले. खड्ड्याचं पोट बिघडलंय, असं त्यांनी निदान केलं. आणि पोट बिघडलं तर औषध पाहिजे. औषधाचा तर अख्खा कारखाना शेजारी उभा होता. त्या काळी आमच्या भागात पेनिसिलिनवर लोकांची श्रद्धा इतकी, की ताप असो, गळू असो, म्हैस अडलेली असो, एक सुई मारली की झालं. नानांनी माझ्याकडे औषध मागितलं. गेटवर आमचे डबेसुद्धा उघडून बघतात, असं सांगून मी सुटका करून घेतली. कशाला पाहिजे, हे विचारायचं मला सुचलं नाही. हरण्यासाठी असेल असंच वाटलं.

नानांनी पिंपरी कॅम्पातल्या एका ओळखीच्या कंपाउंडरला गाठलं, बैलाच्या खुराला जखम झालीय म्हणून सांगितलं आणि तीन-चार बाटल्या मिळवल्या. त्या गुळाच्या पाण्यात कालवल्या, म्हणजे कडू लागू नये, आणि सगळं खड्ड्याच्या तोंडात ओतलं.

दोन दिवसांनी पिंप खाली बसलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. संध्याकाळी मी आलो तेव्हा नाना पिंपाला कान लावून बसले होते. काय दिलं म्हणून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, आणि मी कपाळाला हात लावला. अहो नाना, ते औषध जंतू मारतं, मी म्हणालो. आणि तुमचा गॅस करतात तेच मुळी जंतू.

"आत जंतू व्हते?" नाना म्हणाले.

लाखो, मी म्हणालो. तेच कडबा खातात.

नानांनी पिंपावरचा कान काढला. म्हणाले, "म्हंजे माजीच जनावरं मी मारली."

ते औषधानं झालं की पावसाळी गारव्यानं, की दोन्ही मिळून, हे मला आजही सांगता येणार नाही. पण नानांच्या मनात शंका उरली नाही. ते उठून गोठ्यात गेले आणि हरण्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना हरण्याला हात लावताना पहिल्यांदा बघत होतो, निदान कुणी बघत असताना. हरण्या आपला रवंथ करत होता.

"ह्याला मी चाकनला कसा न्हेऊ, कारखानदार?" ते म्हणाले. "रस्त्यानं म्होरं कुटं चाललोय ते त्येला म्हाईत नसंल. मला म्हाईत आसंल की." आणि जरा वेळानं, "पन शबुद दिलाय." त्या वेळी व्यवहार हा शब्द त्यांच्या तोंडात आला नाही. मी तसाच घरी आलो आणि जेवणावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढताना बघतो तो हौसाकाकी समोरून येत होत्या, डोक्यावर शेणाची पाटी. त्यांच्या गोठ्यातून नव्हे, वरच्या आळीतून. खेड्यात शेण असं मागून मिळत नाही. ज्याला त्याला आपल्या गोवऱ्या थापायच्या असतात, आणि मागायला जाणारीला चार शब्द ऐकावे लागतात. कधी कुणाच्या दारात मिठाचा खडा मागायला न गेलेली ही बाई गोठ्यागोठ्यातून हिंडून ताजं शेण घेऊन आली होती. मी बघतोय हे बघून त्या म्हणाल्या, "दारातला खड्डा मेलेला बरा दिसत न्हाई." पुढे रोज त्यांची पाटी चालू राहिली. नानांनी निम्मा काला उपसला, ताजं शेण घातलं, आंबवलेला कडबा घातला, वर गोणपाट आणि पाचट रचून खड्ड्याला ऊब दिली. दोघं एकमेकांशी त्याबद्दल काहीच बोलत नसत. पोळ्याच्या आधी दोन दिवस पिंप वीतभर उठलं.

पोळ्याच्या सकाळी हरण्याला नदीवर धुतलं. शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरमाळ घातली, पाठीवर बाजीची जुनी झूल टाकली. "रंग फुकट घालवायचा, दुसरं काय," नाना म्हणत होते आणि शिंगांवर दुसरा हात देत होते. परसात सगळं गाव जमलं होतं. दत्तूही आला होता. काकींनी शेगडीवर डाळीचं पातेलं चढवलं, नानांनी चावी फिरवली आणि मी काडी लावली. निळी ज्योत भुर्रकन उठली. बायका मागे सरकल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. धूर नाही, काजळी नाही. नाना ज्योतीकडे बघतच नव्हते, ते पिंपाकडे बघत होते.

पिंप खाली येत होतं. डाळीला आधण आलं, फेस आला, काकींनी फेस काढला. पिंप आणखी खाली आलं. ज्योत आखूड झाली, पिवळी झाली, दोनदा फडफडली आणि गेली. डाळ शिजायला निदान तेवढाच वेळ आणखी लागला असता, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. नानांनी चावी दोनदा मागेपुढे फिरवून बघितली.

काकींनी पळीनं डाळीचा एक दाणा काढला, बोटांत दाबायचा प्रयत्न केला आणि तोंडात टाकला. काकींचे दात शाबूत होते. तो दाणा फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी सावकाश चावला, गिळला आणि नानांकडे बघून म्हणाल्या, "मऊ हाय."

पातेलं घेऊन त्या पुरण वाटायला म्हणून आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर यायला लागला आणि बराच वेळ येत राहिला. परसातल्या एकाही माणसानं वर बघितलं नाही. दत्तू तर जमीन निरखत होता. नाना मात्र हरण्याला दटावत होते, की आता माजू नकोस, तुझं काम वाढलंय. दुपारी पानात पुरणपोळी पडली. कशी झालीय, असं काकींनी विचारलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "लोण्यासारखी." चहासुद्धा मिळाला.

त्यानंतर हरण्याच्या बाबतीत बाजाराचं नाव कुणी काढलं नाही. उन्हाळ्यात खड्डा जोमानं चालला. काकींचा सकाळ-संध्याकाळचा चहा आणि एक वेळचं कालवण त्यावर होऊ लागलं, आणि त्या माहेरी गेल्या की ते मुद्दाम सांगत. हरण्या आणखी दोन हिवाळे जगला. एका सकाळी तो उठलाच नाही. नानांनी त्याला शेताच्या कडेला, बाजीशेजारी पुरलं. घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "संपला व्यवहार."

त्या दिवसापासून नानांकडे गेलं की आधी पाणी यायला लागलं. मग गूळ, मग चहा. सगळं रीतसर. मला तो चहा गोड लागेना. कडब्याचा ढीग गोणपाटाखाली वाळून गेला. पिंप खाली बसलं ते बसलंच. आळीतल्या बायका आपण होऊन शेण आणून देऊ म्हणाल्या, पण नाना 'बगू' म्हणायचे आणि रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. पापडवाला आला तर त्याच्याशीही बोलायचे नाहीत. पापड मात्र घ्यायचे.

मग एका शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं की उद्या चाकणला जाऊन बैल घ्यायचा. तरणाबांड, चारदाती, शेताच्या कामाचा. दत्तूचंही तेच म्हणणं होतं. "आता माया-बिया न्हाई," नाना मला म्हणाले. "व्यवहार." मला सुट्टी होती, मी सोबत निघालो. दारात काकींनी नानांच्या हातात फडक्याचं जड गाठोडं दिलं. भाकरी आहे, वाटेत खा, एवढंच म्हणाल्या.

चाकणचा बाजार भरात होता. नाना एकेका बैलापाशी थांबायचे, जबडा उघडायचे, आत बघायचे आणि "दात हायत" म्हणून पुढे जायचे, जसं काही ते खोड सांगत होते. दोनदाती झाले, चारदाती झाले, सगळे दात आलेले जुळलेले झाले. बैलांचे व्यापारी, ज्यांना आमच्याकडे हेडी म्हणतात, ते आधी हसले, मग चिडले. शेवटी नाना बाजाराच्या त्या टोकाला पोचले जिथे गिऱ्हाईक दात बघत नाही. तिथे एक पांढुरका बैल मान खाली घालून उभा होता. नानांनी त्याचा जबडा उघडला आणि फार वेळ आत बघत राहिले.

"ह्योच द्या," ते म्हणाले.

हेड्यानं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "बाबा, दात बगितलं न्हवं?"

"बगितलं. म्हनून तर."

दोघांनी रीतीप्रमाणे उपरण्याखाली हात घातले आणि बोटांनी किंमत ठरवली. ती काय ठरली हे मला दिसायचं कारण नव्हतं. हेड्याचा चेहरा मात्र दिसला. त्यानं उपरणं काढल्यावर नानांना वाकून रामराम केला.

परतीच्या वाटेवर नाना माझ्याशी नव्हे, घरी बसलेल्या काकींशी बोलत होते. म्हाताऱ्या जनावराचं शेण मुरलेलं असतं, खड्ड्याला तेच मानवतं. तरण्या बैलाला राखायला माणूस लागतं. आणि शेत तर आता भाड्याच्या बैलांवर होतंच. एकेक मुद्दा ते मला म्हणून दाखवायचे आणि 'हे पटंल का तिला?' म्हणून विचारायचे. मला एकही पटण्यासारखा वाटत नव्हता, पण मी खरं बोललो नाही. गाव जवळ येईल तशी नानांची चाल मंदावली. शेवटी रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली ते बसले आणि म्हणाले, की आधी भाकरी खाऊ, मग काय व्हायचं ते होऊ दे.

त्यांनी गाठोडं सोडलं. वर चार भाकरी आणि ठेचा होता. खाली आणखी एक फडकं होतं, चांगलं ओलं. नानांनी त्याची गाठ उकलली. आत कडबा होता. बारीक तोडलेला, चोथा केलेला, भिजल्याचा मंद वास येणारा. असा कडबा रात्रभर भिजत घालावा लागतो.

नाना ते फडकं मांडीवर घेऊन बसून राहिले. मी रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत होतो, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग त्यांनी त्यातलं एक कांडं उचललं, तोंडात टाकलं आणि हिरड्यांनी सावकाश चावलं. उरलेलं ओंजळीत घेऊन त्यांनी बैलापुढे धरलं. त्यानं हुंगलं, जिभेनं ओढून घेतलं आणि जबडा हलायला लागला.

"मऊ हाय," नाना म्हणाले.